एकतिसावं वाक्य

८ सप्टें., सोम.
होडी सुटणार इतक्यात पराग म्हणाला, "बंद कर ते."
केलं नाही. पडद्यावर धक्का, धुकं, खाडीचं करडं पाणी. होडीत आम्ही तिघंच, म्हणजे आमच्या गेममधली आमची पात्रं: मी, पराग, केतकी. नावाडी म्हणाला, "बसा. घाई नाही. अजून एक जण येतोय." मग डबल बेल. होडी निघाली. मग बंद केलं.
"सासऱ्यांचा फोन होता. आजपासून पक्ष. पंधरा दिवस नवीन काही सुरू करायचं नाही म्हणतात."
"परवा आपण सुरू करतोय, पराग."
"घटस्थापनेला करू."
"पक्ष आहे हे तुला आज कळलं?"
"मला माहीत होतं गं. आपली तारीख त्यांना माहीत नव्हती."
पैसे परागच्या सासऱ्यांचे, पंचांगही त्यांचंच. चार वर्षं थांबलो, अजून चौदा दिवस. केतकीला आमच्याकडे येऊन तीनच महिने झालेत. गेममधून कमाई कशी करायची, एवढंच बघायला पराग तिला घेऊन आला.
खोपटहून बस लगेच मिळाली. शीळफाट्याला पाऊण तास अडकली.

९ सप्टें.
मावशीचा फोन. आई तिला सांगत होती, "गेममधली माणसं काय बोलतात ते ही लिहिते. हो, त्याचा पगार मिळतो."
पलीकडून काहीतरी विचारलं गेलं. आई म्हणाली, "ह्यांचा आवाज आहे ना त्यात. होडीवाला. नाही, मी नाही ऐकला."
बाबांचा तो आवाज तिने खरंच नाही ऐकलेला. दोन वर्षांत एकदाही नाही.

१० सप्टें., बुध.
आज आमचा 'पैलतीर' सुरू होणार होता. आज त्यांचा झाला.
ती दुसरी कंपनी, आम्ही त्यांना 'समोरचे' म्हणतो. त्यांचाही असाच, हजारो लोकांनी एकत्र खेळायचा, पात्र घेऊन, टोळी करून. दिवाळीत येणार होते. कुणालाही न सांगता आज आले. आणि फुकट. आमचा महिन्याच्या वर्गणीवर.
पराग: "पक्षात कोण सुरू करतं यार?"
केतकी: "म्हणूनच केलं. सगळे थांबलेत, मैदान रिकामं. पक्षात लोक काही विकत घेत नाहीत. फुकट घ्यायला कुठे बंदी आहे?"
ती हसली. आम्ही दोघं हसलो नाही.
मग तिने नीट समजावून सांगितलं. पैसे दारात घ्यायचे, की आत प्रत्येक खोलीपाशी, एवढाच फरक. दारात घेतले की आत सगळे सारखे. दार उघडं टाकलं की आतल्या प्रत्येक दाराला कुलूप लागतं. "त्यांच्या कुलपांची चव लोकांना महिन्याभराने कळेल. पण तोवर त्यांची घरं तिथे बांधून झालेली असतील."

१४ सप्टें., रवि. अष्टमी.
बाबांची तिथी. गच्चीवर पान ठेवलं. शेजारच्या बिल्डिंगच्या टाकीवर कबुतरं. वाटलं होतं, तासभर उभं राहावं लागेल.
कावळा लगेच आला. आई पानाभोवती पाणी फिरवत होती, तेवढंही थांबला नाही. आधी वडा, मग भात.
"बघ," आई म्हणाली. "काही राहिलेलं नाही ह्यांचं."
मला थोडा रागच आला. कुणाचा, ते कळलं नाही.

१७ सप्टें.
उन्हाळ्यात आमचा गेम तपासून द्यायला कल्याणच्या एका कॉलेजातली टोळी यायची. त्यांच्यातल्या म्होरक्याचा मेसेज: "ताई, सॉरी. आम्ही सगळे तिकडे आहोत. तीस लेव्हल झाली. आता परत पहिल्यापासून कोण करणार? आणि एकटा येऊन काय करू, टोळी तिकडे आहे."
बरोबर आहे त्याचं. गेम कुणी निवडत नाही. जिकडे आपली माणसं, तिकडे जातात.
खाली, एक ओळ सोडून: "नावाडीकाकांना हाय सांगा."

२२ सप्टें., सोम. घटस्थापना.
सकाळी दहाला सुरू केला. परागच्या सासऱ्यांनी कॉम्प्युटरला हळद-कुंकू लावलं, पेढे वाटले. "आता बघा," म्हणाले. आम्ही बघत बसलो.
आले लोक. धक्क्यावर उभे राहिले. काही बसले होडीत.
"बसा. घाई नाही. अजून एक जण येतोय."
संध्याकाळपर्यंत मी ते इतक्यांदा ऐकलं की शेवटी नुसता वाक्याआधीचा श्वास ऐकू यायला लागला. बाबा प्रत्येक वाक्याआधी श्वास घ्यायचे. गर्दीत ओरडायची सवय. सत्तावीस वर्षं एस.टी.त कंडक्टर, खोपट डेपो.

२६ सप्टें.
दुपारी तीनला धक्क्यावर दोघं. चारला कुणी नाही.
कुणीच नसताना नावाडी काय करतो, ते आधी कधी पाहिलं नव्हतं. आम्ही ते लिहिलेलंच नाही. तो नुसता उभा असतो. ठरावीक वेळाने मान रस्त्याकडे वळते.

२ ऑक्टो., गुरु. दसरा.
ऑफिसात पूजा. मग परागने दार लावून घेतलं.
वर्गणी बंद. वसुबारसेपासून 'पैलतीर' फुकट. नाहीतर डिसेंबरात सर्व्हर बंद. अकरा माणसं आहोत.
"सासरे हो म्हणाले?"
"त्यांनीच मुहूर्त काढून दिला."
केतकीने फळ्यावर आमचा सगळा नकाशा काढला. गाव, मिठागरं, बेटं. बेटांवर जायला होडी एकच. तिने होडीभोवती लाल गोल केला.
"इथे कुलूप. होडी दिवसातून एकदा फुकट. परत जायचं तर चार तास थांबायचं, किंवा खऱ्या पैशांनी मोती विकत घ्यायचे. मोती दिले की लगेच."
मी विचारलं, आणि थांबणाऱ्याला नावाडी काय म्हणणार?
"तेच बोलायचंय तुझ्याशी. सुट्टीनंतर."

६ ऑक्टो., सोम.
केतकीला एक वाक्य हवंय. नावाड्याने नाही म्हणायला हवं.
"त्याची बेचाळीस वाक्यं ऐकली मी. एकातही नकार नाही. असं कसं लिहिलंस तू?"
मी म्हटलं, बघते.
खोटं. बघायची गरज नव्हती. मी त्रेचाळीस लिहिली होती.

७ ऑक्टो.
जुना कागद सापडला. एकतिसावं: *जागा नाही. उतर.*
तो दिवस आठवला. आवाज द्यायला कलाकार परवडत नव्हते. बाबा नुकतेच रिटायर झालेले, घरी आईच्या पायात पायात. म्हटलं, चला. कपाटाएवढी खोली, भिंतींना जुन्या गाद्या लावलेल्या. चष्मा पुसून सरळ वाचत सुटले. होडी सुटताना घंटी हवी म्हणून हटूनच बसले. "होडीला कुठे डबल बेल असते, बाबा?" "असू दे. माणसाला कळतं, सुटली." तीसपर्यंत आले. मग कागद मांडीवर ठेवला.
"हे नको."
"का?"
"घसा बसलाय."
पाणी प्यायले. मग बत्तीस ते त्रेचाळीस एका दमात वाचली. शेवटी, मी बंद करणार इतक्यात, कागदावर नसलेलं एक वाक्य बोलले. "बसा. घाई नाही. अजून एक जण येतोय." चांगलं वाटलं म्हणून ठेवलं. म्हणजे एकतिसावं वजा, हे अधिक: एकूण त्रेचाळीस व्हायला हवीत, केतकीने बेचाळीस मोजली. ते वाक्य तिने मोजलं नसावं. ते सुरुवातीलाच वाजतं, वेगळं ठेवलेलं आहे.
तेव्हा होडी चार जणांची होती. पाचव्याला नाही म्हणायला वाक्यच नाही, म्हणून आम्ही होडी मोठी केली. कितीही माणसं मावतात. पराग तेव्हा म्हणाला होता, "तुझ्या बाबांच्या घशापायी पूर्ण बोट बदलली यार आपण."
मीही हसले होते.

९ ऑक्टो.
आई चकलीची भाजणी भाजत होती. विचारलं, बाबांनी कधी कुणाला गाडीतून उतरवलं होतं?
"कंडक्टर होते गो ते. रोज उतरवायचे."
"तसं नाही. पैसे नाहीत म्हणून."
उलथनं थांबलं. मग पुन्हा सुरू झालं.
"एक म्हातारा होता. पनवेलच्या गाडीला. हातात डबा. पैसे वाटेत पडले म्हणाला. असं कोणी असलं की हे स्वतःच्या खिशातून तिकीट फाडायचे. पण त्या दिवशी चेकर समोर उभा. ह्यांना आधीच एक मेमो मिळालेला. तू तेव्हा शाळेत होतीस, फीचे दिवस. ह्यांनीच बेल मारली. शीळफाट्याला उतरवला."
"मग?"
"परतीच्या फेरीला बघितलं, तर कठड्यावर डबा होता. माणूस नव्हता."
"कुठे गेला?"
"मला काय ठाऊक. ह्यांनाही नाही कळलं. तीन दिवस डबा डेपोत ठेवला, कोणी आलं नाही. मग घरी आणला. मी घासला. आपल्या रव्याचा डबा, तोच तो."
मी फळीकडे पाहिलं नाही.
"मग नेहमी शीळफाट्याला गाडी मिनिटभर जास्त थांबवायचे. ड्रायव्हर ओरडायचा, काय रे, झोपलास काय? हे म्हणायचे, थांब, अजून एक जण येतोय."
भाजणी खमंग झाली होती. तिने गॅस बंद केला.
"तू म्हणालीस, काही राहिलेलं नाही त्यांचं. हे तर राहिलेलंच होतं. मग कावळा लगेच कसा आला?"
"त्याला भूक लागली होती."

१० ऑक्टो., शुक्र.
केतकीने हेडफोन पुढे केले. "ऐक. रागावू नकोस. नुसतं ऐक."
शब्द मी तिला दाखवलेल्या जुन्या कागदावरचे, आवाज बाबांच्याच बेचाळीस वाक्यांवरून मशीनने केलेला. दोन सेकंद.
जागा नाही. उतर.
बाबांचा आवाज. 'त'वरचा तो बारीक फटकाही. मी हेडफोन काढले. मग परत घातले. तीनदा ऐकलं.
"श्वास नाहीये," मी म्हटलं.
"काय?"
"आधी श्वास घेतात ते."
"श्वासपण घालता येतो," केतकी म्हणाली. तिने टिपून घेतलं.

१३ ऑक्टो.
फॉर्म. बाबा नाहीत, म्हणून आईची सही. *दिवंगत व्यक्तीच्या आवाजाचा नव्याने वापर करण्यास...* मराठी वाईट आहे. दोन चुका सुधारल्या, मग लक्षात आलं आपण काय करतोय.
परागशी वाजलं.
"गेम बंद झाला तर तुझे बाबा कुठे बोलणार? पेनड्राइव्हमध्ये?"
"हो."
"कोणाशी?"
पेनड्राइव्ह माझ्या खणात आहे. दोन वर्षांत लावलेला नाही.
"मुक्ता, मी पण त्यांच्या पाया पडलोय. पण अकरा जण आहेत. एक वाक्य आहे."
संध्याकाळी आईला सगळं सांगितलं. तिने चष्मा शोधला.
"कुठे करायची सही?"
"तुला काही वाटत नाही?"
"मला काय वाटायचंय. तू म्हणशील तिथे करते."
"पेन नाहीये," मी म्हटलं.
टेबलावर तीन होती. आईने चष्मा काढून ठेवला.

१५ ऑक्टो., बुध.
मानपाड्याहून ९.१० ची बस. शीळफाट्याला थांबली तेव्हा उतरले.
कंडक्टर: "ताई, इथे कुठे? ठाण्याचं तिकीट आहे तुमचं."
"असू दे."
"परत काढावं लागेल हां."
डबल बेल. गाडी गेली. त्याने मागे पाहिलं नाही. का पाहील?
कठडा नाही. वर पूल, खाली खोदकाम, ट्रक, धूळ. तो कठडा कुठे असेल त्याचाही अंदाज येईना. एका पत्र्यामागे उभी राहिले. लोक येत होते, हात करत होते, चढत होते. थांबून राहिलेलं कुणी नव्हतं.
मी विचारलं असतं, तर बाबा आजारपणात कधीतरी बोलले असते. एकतिसाव्या वाक्याला बोलले असते. 'घसा बसलाय' म्हणाले. मला ऐकू येत होतं, घसा चांगला होता.
तिसऱ्या बसने पुढे गेले. तिकीट परत काढलं.

१६ ऑक्टो.
सकाळी सांगितलं: नावाडी नाही म्हणणार नाही. धक्क्यावर आणखी एक माणूस उभं करा. दोर धरणारी बाई. नाही ती म्हणेल. आवाज माझा.
केतकी: "तुझ्या 'नाही'ला कोणी पैसे देणार नाही, मुक्ता. दोर धरणारी कोण आहे? कोणी नाही. ज्याच्यावर लोकांचा जीव आहे, त्याने नाही म्हटलं की खिशात हात जातो. सगळं त्याच्यावरच चालतं."
तिचं बरोबर असणार. आजवर तिचं सगळं बरोबर आलंय.
पराग नखं खात होता. "तुळशीच्या लग्नापर्यंत बघू. नाही चाललं तर फॉर्म. तेव्हा मला पेन नाही सांगू नकोस."
याला कसं कळलं? आईने फोनवर सांगितलं असणार.
गाद्यांची खोली. तीच खुर्ची, तीच करकर. केतकी काचेपलीकडे. पहिल्यांदा हसल्यासारखं आलं. दुसऱ्यांदा विनवल्यासारखं. पाचव्यांदा केतकी म्हणाली, "तू माफी मागतेयस. मागू नकोस. तुला पुढची फेरी आहे." नवव्यांदा जमलं.
जागा नाही. उतर.
दुपारी तिने परत लावून ऐकवलं. "हे काढू का? आधी श्वास येतोय."
"राहू दे."

१७ ऑक्टो., शुक्र. वसुबारस.
मुहूर्त संध्याकाळी साडेसहाचा. मी ऑफिसात थांबले नाही, घरून फोनवर पाहिलं. फुकट म्हटल्यावर माणसं आली. धक्का भरला. समोरच्यांकडून काही परत आले असावेत, एकाने लिहिलं, "तिकडे तर आता चपला पण विकत घ्याव्या लागतात." तो कल्याणचा म्होरक्याही दिसला. एकटाच. त्याची टोळी नव्हती.
सातच्या सुमाराला पहिल्यांदा माझा आवाज वाजला. कुणाचीतरी दुसरी फेरी, मोती नव्हते. बाई म्हणाली, जागा नाही, उतर. पात्राचं नाव वाचता आलं नाही. तो उतरला.
होडीत जागा होती. होडीत कितीही मावतात.
आईने स्वयंपाकघरातून विचारलं, "कोण बोललं? तू?"
"हो."
"आता होडीवाल्याचं लाव ना. ह्यांचं."
लावलं. ती हात पुसत दारात उभी राहिली. बसा. घाई नाही. अजून एक जण येतोय. दोनदा ऐकलं तिने. आत गेली. रव्याचे लाडू वळत होती. डबा रिकामा झाला, तो घासून ओट्यावर पालथा घातला.

१८ ऑक्टो., शनि.
सकाळी साडेआठला उघडून पाहिलं. धक्क्यावर कालचा तो अजून आहे. बाईने उतरवलेला. मोती घेतले नाहीत, गेलाही नाही. चार तास कधीच उलटून गेलेत, आता त्याला होडीत फुकट बसता येतं. बसत नाही. फोन तसाच ठेवून झोपला असेल, केतकी म्हणेल.
नावाड्याने नेहमीचं वाक्य म्हटलं. थांबला. मान रस्त्याकडे वळली. डबल बेल.
होडी गेली. तो धक्क्यावरच बसलेला आहे.